तीन पूल आणि खालचं गाव

प्रिय ठोंब्या,

इंजिनिअर झालास तरी आमच्यासाठी तुझं नाव हेच. पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा आहे तसाच आहे, आणि मी निवृत्त झाल्यापासून तिला जितका त्रास देतो तितकाच देतोय, असं तिचं म्हणणं. फोन केला की तू उचलत नाहीस. दोन दिवसांनी ‘ठीक आहे’ एवढा मेसेज येतो. म्हणून म्हटलं, लिहावं. अक्षराला हसू नकोस. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेला हात आहे, पेनाला वळत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं गाडी काढून फिरून आलो. कुठे, तर तुझे पूल बघायला. तिन्ही. कल्पना तुझ्या आईची. एका सकाळी भांडी विसळता विसळता म्हणाली, “त्यानं काय बांधलं ते आपण एकदा तरी धड पाहिलंय का?” खरंच होतं. जन्मभर ट्रक चालवला, किती पूल ओलांडले त्याला गणती नाही, पण आम्हा ड्रायव्हर लोकांना पूल म्हणजे मधला रस्ता. त्यावर थांबायचं नाही आणि खाली बघायचं नाही. मी टायरची हवा तपासली, तिनं पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि निघालो.

पहिला पूल तू शिकाऊ असतानाचा. पाटीवर उंची एकशे चाळीस मीटर अशी लिहिलीय. पुलाच्या अलीकडच्या टोकाला आता गाड्या लावायला जागा केलीय, लोक उतरून फोटो काढतात. खालची नदी बुटाच्या नाडीएवढी दिसत होती. एका बाईनं तुझ्या आईच्या हातात फोन दिला, आमचा फोटो काढता का म्हणून. ही म्हणाली, “हा पूल माझ्या मुलानं बांधलाय.” ती बाई “हो का, वा!” म्हणाली आणि केस सारखे करून उभी राहिली. याच दरीतून मी तुला सुट्टीत ट्रकमधून न्यायचो, तेव्हा पूल नव्हता. बावीस वळणं होती. अकराव्या वळणाला तू हमखास माझ्या टोपीत ओकायचास आणि तोंड पुसत म्हणायचास, मोठा झालो की इथे सरळ रस्ता करणार. आता ती दरी चार मिनिटांत संपते. हे मी आईला सांगितलं. ती हसली नाही. मीही हसवायला सांगितलं नव्हतं.

दुसरा पूल त्याहून उंच, जाड तारांवर तोललेला. कडेनं चालायला वाट आहे. जळमटं काढायला स्टुलावर चढायची जिची छाती होत नाही, ती तुझी आई थेट मधोमध चालत गेली. मोठी गाडी गेली की तिथं पायाखाली थरथर होते. मी विचारलं, “भीती नाही वाटत?” ती म्हणाली, “नाही. हल्ली काहीच वाटत नाही.” खरं सांगू, ऐकून मला बरं वाटलं, कारण माझंही तेच झालंय. चार महिने मी जेवतो, पेपर वाचतो, गाडी धुतो, पण सगळं जाड हातमोजे घालून केल्यासारखं. तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू पडदे ओढून, टीव्हीचा आवाज बंद करून बसला होतास. दोन तास आपण बापलेकांनी मुक्या बातम्या पाहिल्या. परतताना मी मनात म्हणत होतो, पोरगा असा कसा झाला. त्या पुलावर उभं राहिल्यावर लक्षात आलं, आम्हीही घरी तसेच बसलोय. आवाज चालू असतो एवढंच.

तिसऱ्याबद्दल लिहायचं मघापासून टाळतोय. तो आता सुरू झालाय. उद्घाटनाच्या फोटोत तू नव्हतास, आईनं भिंग घेऊन शोधलं होतं. चौकशीचा अहवाल तूच तिला फोनवर वाचून दाखवलास. परांचीचा क्लॅम्प तुटला, वेल्डर खाली पडून गेला, साइटवरच्या इंजिनिअरचा दोष नाही. तुझा दोष नाही असं ज्या दिवशी कागदावर आलं, त्या दिवसापासून, चार महिने झाले, तू कामावर गेला नाहीस. आम्ही तो पूल ओलांडला. दोनशे मीटरच्या वर आहे म्हणे. लिहायला लाज वाटते, पण मला काही म्हणजे काही वाटलं नाही. पलीकडे चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं कुणी न विचारता बोट दाखवलं, “तिथं, तिसऱ्या खांबापाशी.” मग म्हणाला, त्या वेल्डरची बायको खालच्या गावात असते. तुझ्या आईनं कप खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसली. कुठे जायचं ते मी विचारलं नाही. जुन्या रस्त्यानं खाली उतरलो.

टायरच्या दुकानामागे दोन खोल्या. उजेड यावा म्हणून शिलाई मशीन अगदी दाराशी ठेवलंय, बाजूला शाळेच्या गणवेशांच्या कापलेल्या बाह्यांचे गठ्ठे. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. आम्ही कोण ते मी सांगितलं. तिनं सगळ्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत टोचल्या. मग म्हणाली, “आत या.” मी काय बोलायचं ते गाडीत घोकून ठेवलं होतं.  पण आधी तीच बोलली. “बरेच साहेब येऊन गेले. कुणी उंची सांगितली, कुणी क्लॅम्पचं सांगितलं. ते घेऊन मी काय करू? त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. एवढंसं कारण. डबा इथेच ठेवून गेला तो. बरोबरचे सांगतात, वर चढायच्या आधी अर्धा तास तो तुमच्या मुलाशी बोलत बसला होता, दोघंच. त्यानं काही खाल्लं होतं का, एवढं विचाराल? आणि घुश्शातच होता का?”

माझ्या जिभेवर आलंच होतं, की खाल्लं होतं, हसत होता म्हणे. बोलायला काय जातंय? तिला झोप लागली असती. तुझ्या आईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडीचा वळ उठला. त्या बाईनं ते पाहिलं असावं. म्हणाली, “वाईट असलं तरी चालेल. पण तुमच्या मुलाच्याच तोंडून ऐकायचंय.” येताना चढावर तुझी आई रडायला लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी गाडी कडेला घेतली आणि तिचं होईपर्यंत थांबलो.

म्हणून हे पत्र. त्या अर्ध्या तासात तुम्ही काय बोललात हे मी तुला विचारणार नाही. ते ऐकायचा हक्क तिचा आहे, आणि जगात ते ठाऊक असलेला माणूस तू एकटा. शनिवारी ती दुपारपर्यंतच काम करते. शनिवारी सकाळी नऊ वाजता मी तुझ्या इमारतीखाली गाडी लावून उभा राहीन. हॉर्न देणार नाही, वर येणार नाही. उतरलास तर जाऊ. नाही उतरलास तर अकरापर्यंत वाट बघून मी घरी जाईन, आणि पुढच्या शनिवारी परत येईन.

तुझाच,
बाबा