हेटचा पहिला अर्थ

सोमवार, ३ ऑगस्ट

"आय हेट मंडेज!" — आल्या आल्या हेडफोनची आरोळी. आमच्या विभागातला हा प्राणी. कान कायम झाकलेले, तोंड कायम उघडं. मग कॉफीला हेट. मग एसीला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साठा संपला नाही. याने आयुष्यात एका तरी गोष्टीचा नीट द्वेष केला असेल का? द्वेषालाही अंगात धग लागते!

आणि आज तोच शब्द माझ्या टेबलावर. शाळेच्या मुलांसाठीचा इंग्रजी-मराठी कोश, अक्षर एच. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत दे. तीन अर्थ, प्रत्येकाला एक वाक्य. तुला कायम करायचं की नाही, तेही मला शुक्रवारीच वर कळवायचंय हं." आणि हसल्या. ते हसणं मला — नको. तो शब्द अजून माझा नाही.

मंगळवार, ४

तिसरा अर्थ आधी झाला. नुसता शिष्टाचार: तुम्हाला त्रास देणं जिवावर येतंय असं म्हणत त्रास द्यायचा. वाक्य शोधावं लागलं नाही. मॅडम रोज घरी जायच्या वेळी तेच म्हणत नवं काम माझ्यापुढे टाकतात. दुसरा अर्थ नावड. त्याला हेडफोनची कॉफी. अडला तो पहिला — तीव्र द्वेष.

"एवढं काय त्यात? राजा शत्रूचा द्वेष करत असे. टाक की!" मॅडम म्हणाल्या.

"कुठला राजा?"

"कुठलाही गं. खरं-खोटं कोण बघायला येतंय?"

मी बघते ना! बारा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. फाटकाशी पोचलं की उलटी व्हायची. शेवटी घरच्यांनी हात टेकले. आत्याने नोकरी सोडली आणि पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर शाळा भरली. आईचं गणित, बाबांचं मराठी, आत्याचं इंग्रजी. दर सोमवारी एक नवा शब्द. पण स्वतःबद्दल त्या शब्दाचं एक खरं वाक्य केल्याशिवाय तो आपला नाही. वाक्य जेवताना म्हणायचं, तिघांनी तपासायचं. हत्तीसाठी किती दिवस हटून बसले होते! प्राणिसंग्रहालयात नेलं तेव्हा कुठे मिळाला.

'हेट' आठव्या वर्षी आला. मी शाळेचं फाटक म्हणाले. बाबा म्हणाले, "ती भीती." मग शेजारचा कुत्रा. आई म्हणाली, "तीही भीतीच." आत्या एवढंच म्हणाली, "राहू दे. हा नंतर बघू." नंतर तो राहूनच गेला.

असे एकेक करून मिळवलेत मी शब्द. या लोकांना फुकट मिळाले, म्हणून उधळतात. सोमवारला नावं ठेवतात! माझ्यासाठी आठवड्यात तोच एक दिवस उजाडायचा.

बुधवार, ५

हेडफोनने आज स्वतःच्या चपलेला हेट केलं. पहिला अर्थ अजून कोराच.

गुरुवार, ६

जेवताना म्हटलं, "तुम्हीच द्या मला वाक्य. तिघांनीही."

तेव्हा लक्षात आलं — इतकी वर्षं वाक्यं मीच करत आले. या तिघांनी एकदाही केलं नाही. फक्त तपासली.

बाबा म्हणाले, "द्वेष नाही बुवा. फार तर कंटाळा."

"मला यांच्या घोरण्याचा," आई म्हणाली.

"ती नावड! ते दुसऱ्यात जाईल," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही झोपलेले असता!"

आत्या संत्रं सोलत होती. "मला सोमवारचा," ती म्हणाली.

मी फिसकन हसले! म्हटलं, "आत्या, तूसुद्धा? आमच्या हेडफोनसारखी?"

"सोमवारी आमची माणसं मोजणीला निघायची."

आत्या जमिनीची मोजणी करायची, हे मला ठाऊक होतं. एखाद्याचा रक्तगट ठाऊक असावा तसं.

"याच खिडकीखालून जायची. तिपाई खांद्यावर टाकून, आठवडाभर माळावर, उन्हात. मला हाका मारायची आधी, नंतर नाही. मी तुला शब्द देत असायचे. खिडकीकडे पाठ करून बसायचे बघ."

बसायची. वहीवर उजेड पडावा म्हणून, असं मला वाटायचं.

"वाटायचा ना तेव्हा?" बाबांनी हळूच विचारलं. "आता नाही ना?"

"अजून वाटतो," आत्या म्हणाली. "हिचा नाही हो. सोमवारचा." आणि एक फोड माझ्या ताटात ठेवली.

वाक्य तपासायचं होतं. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने ताटाकडे. कुणी काही हरकत घेतली नाही.

शुक्रवार, ७

पहिल्या अर्थाखाली लिहून दिलं — आय हेट मंडेज.

मॅडमना हसू आवरेना. "अगं वेडे, हे दुसऱ्याखाली जातं. नुसती नावड ही! तेवढं हलव, मग मी तुझ्या कागदावर सही करते."

"ते तिथेच राहील."

"सोमवारचा कुणी तीव्र द्वेष करतं का?"

"हो. माझ्या घरात."

हेडफोनने पहिल्यांदाच एक कान उघडा केला. मी मान खाली घालून टेबल आवरलं.

सोमवार, १०

नोकरी गेली. सकाळी माळ्यावरून आत्याचे मोजणीचे बूट काढले. अजून होतात तिला. माळाकडे निघतोय दोघी.