चाकाचे चौऱ्याण्णव फेरे

३ मार्च
रस्ता रुंद करायचाय, मोजणी माझ्या गळ्यात! वळणावर नेमका तो विमानवाल्या भावांचा दगड. सायकली दुरुस्त करणारे दोघं — बांबूचा सांगाडा, चादरींचे पंख, शिवले थोरल्याच्या बायकोने — आणि उडाले! शिकवायला कोणी नाही, पडलो तर काय याचा विचार नाही. मी अजून साहेबांपुढे तोंड उघडायला घाबरते.
दगडावर कोरलंय : ‘दुकानामागच्या चौथऱ्यावरून सुटले, इथे उतरले. अंतर चाकाचे चौऱ्याण्णव फेरे.’

४ मार्च
फीत लावली. चौथरा ते दगड — एकशे अडतीस मीटर. अठ्ठावीस इंची चाक धरलं तर त्रेसष्ट फेरेही भरत नाहीत!
साहेबांना आयतंच कोलीत मिळालं. “थापाड्यांचा दगड! उचलून गोदामात टाका. शुक्रवारी अहवाल हवा.”
बाबा म्हणायचे, फीत खोटं बोलत नाही. याच कार्यालयात तीस वर्षं मोजणी केली त्यांनी. आज वाटलं, एकदा बोल बाई खोटं!

५ मार्च
दुकान अजून आहे. धाकट्या भावाचे नातू चालवतात, सगळे त्यांना पंक्चरकाका म्हणतात. भीत भीत अंतर सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं आजोबांचं चाक उतरवलं. एका आऱ्याला चिंधी बांधलेली — चिंधी वर आली की एक फेरा. आम्ही दोघांनी चौथऱ्यापासून दगडापर्यंत उन्हात चाक ढकलत नेलं. बासष्ट... आणि वर थोडं. काका पुन्हा पुन्हा चिंधी चाचपून बघू लागले.
“ताई, आजोबा एक वेळ विमान पाडायचे, पण फेरा चुकवायचे नाहीत हो.”
मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून खाली बघितलं. दगड त्या काळचा, काळा पडलेला. पाया मात्र सिमेंटचा!

६ मार्च
दिवसभर जुन्या दप्तरात धूळ खाल्ली. शिंका सोडून काही हाती नाही.

७ मार्च
सापडली! मागच्या रुंदीकरणाची मोजणीवही. ‘दगड आड येतो. चौथऱ्याकडे एकोणसत्तर मीटर सरकवून बसवला.’ एकशे अडतीस अधिक एकोणसत्तर, दोनशे सात मीटर — काकांच्या त्या चाकाचे बरोब्बर चौऱ्याण्णव फेरे. शाब्बास रे गड्यांनो!
आता वळण सरळ होणार, त्यामुळे मूळ जागा नव्या रस्त्याच्या बाहेरच येते. दगड तिथे न्यावा, असं अहवालात लिहिलं.
“पण हलवला कोणी?” साहेबांनी विचारलं.
वहीत खाली बाबांची सही आहे. तेही लिहिलं.