वेलांटी आधी की अक्षर आधी

सोम. ५ फेब्रु. १९९६, रामनगर
प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला. मालकांच्या मेव्हण्यानं बेळगावहून धाडला, तोही जुना. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. माझा टायपरायटर कागदांच्या गठ्ठ्यामागं गेला, वर फडकं. इतक्या वर्षांचे अर्ज, पत्रिका सगळं त्याच्यावर. फार वाईट वाटलं.
बटणांवर इंग्रजी अक्षरं. मराठी कुठली कुठं, ते मेव्हण्यानं कागदावर काढून दिलंय. माझ्या बोटांना कागद वाचता येत नाही.

गुरु. ८ फेब्रु.
अक्षरं सापडायला लागली. खरी मेख पहिल्या वेलांटीत. टायपरायटरवर आधी वेलांटी मारायची, मग अक्षर. ह्याच्यावर अक्षर आधी, वेलांटी मागनं. बोटं ऐकतील तर शपथ. 'रविवार' मारलं, 'रिववार' उठलं. आणि शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी मारली तर मशीन नुसतं टूं करतं. दिवसभर टूं. मालक आतनं विचारतात, कोण आलंय बघ गं शालन.

शनि. १० फेब्रु.
गणेशगुडीचं गिऱ्हाईक पत्रिका घेऊन परत आलं. नवरी सरिता, छापली 'सिरता'. सगळ्या परत काढाव्या लागल्या. मालक म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मेव्हण्याच्या ओळखीची बेळगावात शिकलेली पोरगी आहे म्हणे. सोमवारी बाजारकुणंगहून लग्नाची पत्रिका यायचीय, ती नीट निघाली नाही, तर माझ्या खुर्चीवर ती.
ह्यांना सांगितलं नाही. कॅसलरॉकला रेल्वेत, आठवड्यानं येतात. सांगितलं की म्हणणार, बस मग घरी. मला घरी बसायचं नाही. अजिबात नाही.

सोम. १२ फेब्रु.
बाजारकुणंगचे सोमण्णा आले, लेकीच्या लग्नाचा मजकूर घेऊन. पत्रिका परवाच पाहिजे. चार ओळी मारल्या, सहा वेळा टूं.
मग सुचलं. पहिली वेलांटीच नको! विवाह नको, लगीन. रविवार नको, आयतवार. निमंत्रण नको, आवतान. 'विनंती'वर अडले. मग ती काढूनच टाकली. आपल्याकडं विनंती कोण करतं, या म्हणतात. सोमण्णांना विचारलं, असं चालंल का? म्हणाले, तुमाला ठावं अक्का.
निघाली ती अशी –
॥ श्री ॥ आमची लेक सावंत्रीचं लगीन खानापूरच्या पांडुरंगासंगं पंचवीस तारखेला, आयतवारी दुपारी ठरलंय. मांडव दारातच हाय. पोराबाळांना घेऊन सकाळपासूनच या. जेवूनच जायचं. आवतान पोचलं न्हाई असं म्हणायचं न्हाई.
एकदाही टूं नाही. माझी मीच हसले.

बुध. १४ फेब्रु.
सोमण्णा पत्रिका न्यायला आले, बरोबर म्हातारी आई. तिला वाचता येत नाही. त्यांनी वाचून दाखवली तर म्हातारी इकडंतिकडं बघायला लागली. "ह्ये कोण बोलालंय? आपल्यातलंच हाय की." मालकांनी बेळगावच्या पोरीचं नाव नाही काढलं आज.

शनि. १७ फेब्रु.
आज मेलेच होते. नवरदेवाचे, पांडुरंगाचे काका, खानापूरला मास्तर, पत्रिका नाचवत प्रेसमध्ये शिरले. मागनं सोमण्णा, तोंड एवढंसं करून. मास्तरांनी पत्रिका माझ्यासमोर आपटली. "आमच्या पोराला चि. न्हाई. चिरंजीव नको व्हय तो तुमाला?"
हाय रे देवा. चि. मध्ये वेलांटी, म्हणून गाळलेलं. लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याला चि. नाही! असल्या कारणानं मोडलेली लग्नं मी ऐकलीयत. सोमण्णा माझ्याकडं बघत उभे. मशीन टूं करतं म्हणून गाळलं, हे सांगायचं कुणाला?
तोंडातनं निघून गेलं, "गुरुजी, चि. छापायचं नसतं. ते घरच्या वडीलधाऱ्यांनी कुंकवानं लिहायचं असतं."
कुठनं सुचलं देव जाणे. मास्तरांनी पत्रिका परत उचलली. असं व्हय, म्हणाले. सोमण्णांनी कुंकू आणवलं, वाटीत कालवलं. वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांवर पहिलं चि. मास्तरांनीच काढलं, आगपेटीच्या काडीनं. अक्षर सुरेख आहे त्यांचं. मालकांनाही एक काडी दिली.

बुध. २१ फेब्रु.
दोन घरची माणसं आली, 'कुंकवाची पत्रिका' पाहिजे म्हणून. मालक त्यांना सांगत होते, आपल्याकडची जुनी पद्धत हाय ती. मी मान खाली घालून बसले.
रोज घरी जायच्या आधी एकटीच 'रविवार रविवार' मारत बसते. आज सगळे बरोबर उठले. अक्षर आधी, वेलांटी मागनं. बोटं वळली एकदाची.

सोम. २६ फेब्रु.
कपाळ माझं. मेव्हणा परत आलाय. मालकांनी त्याला माझं रडगाणं कळवलं होतं म्हणे. त्यानं कायतरी खटपट करून बटणं 'टायपरायटरसारखी' करून दिली. वेलांटी परत आधी! मी 'रविवार' मारलं, तर वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मेव्हणा म्हणाला, अक्का, तुमच्यासाठीच केलं की.
मालक म्हणाले, आता तर तुझंच घोडं, आता काय अडचण? ती बेळगावची पोरगी मेव्हण्याबरोबर आलीय. सहज बघायला म्हणे. माझ्या खुर्चीमागं उभी राहून बघते. चांगली आहे बिचारी, त्याचाच राग येतो.
एवढ्यात खानापूरचे मास्तर हजर. स्वतःच्या लेकीचं लग्न, पत्रिका आत्ताच पाहिजे. ती बोलीतली नको, चांगली भारदस्त पाहिजे. नवरी कविता, नवरा किरण, वार शनिवार, मारुती मंदिर, विनीत अमुक, विनीत तमुक. वेलांट्यांची वरातच.
"तेवढी चि. ची जागा मोकळी सोडा," मास्तर म्हणाले. "ते छापायचं नसतं."
तेवढी एक वाचली.
सगळे चहाला गेलेत, पोरगीसुद्धा. येईपर्यंत नवरीचं नाव तरी दिसलं पाहिजे. क मारलाय. आता वेलांटी, का व?