बाबा, मेमरी वाढवली

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत तुमच्याशी मनातल्या मनात खूप बोलले, कागदावर मात्र एक ओळ उतरवली नाही. आज बसले, कारण गेल्या पंधरा दिवसांत जे घडलं ते दुसऱ्या कुणाला सांगून पुरतं कळणार नाही. आणि खरं सांगू? थोडं भांडायचंही आहे.

त्या मंगळवारी विमान उतरवताना माझा हात थांबला.

शेजारी माझ्या इन्स्ट्रक्टर मॅडम होत्या. आठवतात ना? फ्लाइंग स्कूलच्या प्रवेशाच्या दिवशी तुम्ही त्यांना विचारलं होतंत, "पोरगी पडली तर?" आणि त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "पाडायला नाही, उतरवायला शिकवतो आम्ही." घरी येईपर्यंत तुम्ही एकटेच हसत होतात.

चाकं टेकायला दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर राहिलं असेल. इथेच नाक हलकेच वर घ्यायचं असतं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि डावा पंख उचलला गेला. आणि मी काय केलं? काहीच नाही! हात कंट्रोलवर, डोळे उघडे, आणि मी कशाची तरी वाट बघत बसलेली. धावपट्टीची कड समोरून सरकत होती, गवत जवळ येत होतं.

"माय कंट्रोल!" मॅडम ओरडल्या, कंट्रोल स्वतःकडे घेतला आणि विमान पुन्हा वर नेलं.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, "घाबरलीस?"

"नाही मॅडम."

"मग हात का थांबला? गेल्या आठवड्यातही दोनदा पाहिलंय मी. नेमका त्याच उंचीवर. हे जाईपर्यंत तुला एकटीला सोडणार नाही."

दुपारी मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभी होते आणि एकदम कळलं. ताट खाली ठेवून मी बाहेर आले.

बाबा, आपल्या बिबवेवाडीच्या घरातला तो कॉम्प्युटर! दुकानात दुरुस्तीला आलेल्या आणि कुणी परत न नेलेल्या मशीनांतून एकेक भाग काढून तुम्ही तो माझ्यासाठी जोडलात. फ्लाइट सिम्युलेटर चालावा म्हणून. खऱ्या विमानात तास कमी मिळतात, घरी सराव कर, म्हणालात. मी सुट्टीत आले की रोज पडद्यावर आपल्या लोहगावच्या विमानतळावर विमान उतरवायची. आणि शहर जवळ आलं, इमारती दिसायला लागल्या, की ऐन उतरताना चित्र अडकायचं. एक क्षण, कधी दोन. मग एकदम पुढे उडी मारायचं. त्या क्षणात काही हलवलं तर विमान आपटायचं. म्हणून मी काय शिकले? हात स्थिर ठेवायचा आणि चित्र सुटायची वाट बघायची. शेकडो वेळा, बाबा. खऱ्या धावपट्टीवर मी तीच वाट बघत होते.

मी तुम्हाला सांगितलं होतं ना? मेमरी कमी पडतेय, आणखी टाका म्हणून?

"मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा," तुम्ही म्हणालात. "ओटा मोठा केला म्हणून पोळ्या भराभर लाटल्या जात नाहीत. लाटणारे हात वेगळे."

"पण ओट्यावर परात ठेवायलाच जागा नसेल तर?"

"मग मोजून दाखव. मेमरी भरतेय हे दाखव, मी टाकतो."

मी मोजलं नाही. कंटाळा केला. उलट म्हणाले, "तुमचं दुकानातलं ज्ञान जुनं झालंय, बाबा." आई आतून नुसतं "मृण्मयी!" म्हणाली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि दुकान उघडायची वेळ नसतानाही दुकानात निघून गेलात. त्यानंतर तुम्ही जेमतेम तीन आठवडे होतात. फोनवर आपण जेवणाखाण्याचं बोललो, हवेचं बोललो, ते वाक्य मात्र मी परत घेतलं नाही. झटका आला तेव्हाही तुम्ही दुकानातच होतात.

त्या मंगळवारनंतरच्या रविवारी मी घरी आले. सकाळीच कॉम्प्युटर लावला आणि तुमच्या पद्धतीनं बसले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेच विमान, तीच हवा, तेच लोहगाव. तीनदा उतरवलं. बाजूला मेमरीचा वापर दिसत होता. शहर आलं की तो पार टोकाला टेकायचा आणि त्याच क्षणी चित्र अडकायचं. तिन्ही वेळा! मोजायला अर्धा तासही लागला नाही. तेवढा अर्धा तास मी तुम्हाला दिला नाही.

मग मेमरीची नवी पट्टी आणली. ती बसवायची दुसरी खाच रिकामी आहे हे मला माहीत होतं. पट्टी बसवली, बटण दाबलं. मशीन सुरूच होईना. नुसती पीं पीं. काढली, पुन्हा बसवली. तेच. तुमच्या हातची शेवटची वस्तू मी बिघडवली की काय?

टॉर्च घेऊन आत बघितलं. त्या खाचेची एका बाजूची पकड तुटलेली होती. आतल्या दोन पिना वाकलेल्या. आणि भोवती बोर्डावर ओरखडे, स्क्रूड्रायव्हर घसरल्यावर पडतात तसे. एक नाही, चार-पाच.

तुमच्या हातून? तुम्ही तर बोलता बोलता, न बघता स्क्रू बसवायचात!

आईला बोलावलं. तिनं टॉर्चच्या उजेडात ते ओरखडे बघितले. मग गुडघा धरत स्टुलावर बसली.

"तू म्हणायच्या आधीच त्यांनी मेमरी आणली होती," ती म्हणाली. "तू उतरताना चित्र अडकायचं ते त्यांनाही दिसायचं. बसवायला गेले आणि हात थरथरला. वर्षभर थरथरत होता गं. दुकानात बारीक काम घेणंच बंद केलं होतं. नाजूक मशीन आलं की दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"मलाही सांगितलं नव्हतं. चहाची बशी वाजायला लागली तेव्हा मला कळलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, पोरीचं लायसन्स होऊ दे. ती आत्ता तिकडे आकाशात आहे, तिच्या डोक्यात हे नको."

मी तुमचं ज्ञान जुनं म्हटलं, आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत! "हात चालत नाही" हे तीन शब्द म्हणण्यापेक्षा अडाणी ठरणं सोपं वाटलं का हो? असं कसं केलंत? मी मशीन उघडलं असतं, तुम्ही नुसतं शेजारी बसून सांगितलं असतंत, तर काय कमी झालं असतं? याचाच मला राग आहे. माझ्यावरही आहे. बशी माझ्यासमोरही वाजली असेल. मी बघितलंच नाही.

नंतर आईनं टॉर्च धरला. मी जुनी पट्टी काढली आणि चांगल्या खाचेत नवी, मोठी पट्टी बसवली. मशीन सुरू झालं. पुन्हा तेच विमान, तीच हवा, तेच लोहगाव. इमारती आल्या आणि चित्र अडकलं नाही. तीनदा उतरवलं, एकदाही नाही. पण ढगांतून वळताना चित्र जसं संथ, झटके देत चालायचं, तसंच अजूनही चालतं. तिथे तसूभर फरक नाही. ते काम चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं. म्हणजे बाबा, जागा अपुरी होती हे माझं खरं, आणि मोठ्या ओट्यानं पोळ्या भराभर होत नाहीत हे तुमचं खरं. दोघं एकत्र बसलो असतो तर एका सकाळीत मिटलं असतं.

सवय मात्र पट्टी बदलून जात नाही. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "कारण सापडलं ना? मग आता मोडू," म्हणाल्या. आठ दिवस आम्ही फक्त उतरत होतो. शेवटच्या क्षणी त्या मोठ्यानं म्हणायच्या, "हात!"

काल सकाळी मॅडम विमानातून उतरल्या आणि त्यांनी बाहेरून दार लावलं. "जा. एकटी."

पहिल्या खेपेला खाली येताना वाऱ्यानं पंख उचलला. हात थांबला नाही. पण विमान धावपट्टीच्या मधोमध नव्हतं. टेकवू की नको? मी इंजिनला पूर्ण जोर दिला आणि पुन्हा वर गेले. दुसऱ्या फेरीत चाकं टेकली. विमानानं एक उडी घेतली, मग सरळ धावलं. मॅडम कडेला उभ्या होत्या. म्हणाल्या, "उडी कशाला मारलीस? पण वर गेलीस ते बरोबर केलंस."

आईला फोन केला. ती आधी रडली, मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

बाबा, तुम्हाला एक शब्द देते. उद्या माझा हात थरथरला, डोळा अंधुक झाला, छातीत कळ आली, तर मी ते लपवणार नाही. लायसन्स गेलं तरी चालेल. त्याच दिवशी मॅडमना सांगेन, आईला सांगेन. आणि आईलाही सांगितलंय की तिनंही काही झाकायचं नाही. ती "बरं" म्हणाली आहे. तिचं "बरं" तुम्हाला माहीत आहे, म्हणून गुरुवारी मी स्वतः तिला तो दुखरा गुडघा डॉक्टरांना दाखवायला घेऊन जाणार आहे.

तुमची,
मृण्मयी