‘डिपेंडंट’ म्हणजे कोण?

राहू, ता. दौंड
८ जानेवारी २०२४

चि. सगुणास मल्हारीदादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळे खुशाल. मी फोनवर बोललो की निम्म्या वस्तीला ऐकू जातं, म्हणून पत्र टाकतोय. तू पाबळला पोरांना इंग्रजी शिकवतेस, तेव्हा तूच सांग. ‘डिपेंडंट’ म्हणजे नक्की काय, आणि हा शब्द कुणाला लावतात?

आपली लेक हर्षदा कुरकुंभच्या कंपनीत लॅबला लागली. तिच्या विम्यात माझं नाव घातलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातच होईल म्हणते. पण फॉर्मवर नावापुढं हा शब्द आहे. तिच्या भावानं, रुद्रनं मोबाइलवर बघून सांगितलं, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. मी सही केली नाही. अजून माझी मेंढरं मीच राखतो. परवा शेजारच्या बन्सीचं कोकरू आपलं समजून आपल्या मेंढीला प्यायला लावलं आणि तिनं लाथ झाडली, पण ते तेवढंच. हर्षदा माझ्याशी बोलत नाही आणि नाव महिनाअखेरपर्यंत द्यायचंय.

खरा अर्थ लिही, गोड करून नको. दाजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
मल्हारीदादा


पाबळ, ता. शिरूर
१३ जानेवारी २०२४

ती. दादांस सगुणाचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. रुद्रचा अर्थ अर्धाच आहे. अवलंबून असलेला, हा खरा अर्थ. विम्यात तो नोकरदाराच्या घरच्या माणसांना लावतात, म्हणजे लेकरं, नवरा-बायको, आईबाप. माझ्या सासूबाई माझ्या डिपेंडंट आहेत, आणि घरात अजून त्यांचंच चालतं.

शब्द शिकवला की मी तो वाक्यात वापरून दाखवते. तर हे वाक्य घ्या. शिरूरला वसतिगृहात असताना मी तुमची डिपेंडंट होते. तुम्ही मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलात, म्हणून मी बाकावर बसून शिकले. तुम्ही मला त्याची कधी लाज वाटू दिली नाही.

आता रागावू नका. हाच शब्द रुद्रच्या विम्याच्या कागदावर असता तर तुम्ही मला पत्र टाकलं असतं का? पोराच्या आधारानं म्हातारपण काढायचं आणि लेकीचं काही घ्यायचं नाही, हे आपल्यात चालत आलंय. तुम्हाला शब्द बोचत नाही, पोरीचं घेणं बोचतंय. तिला ते कळलंय, म्हणून ती गप्प आहे.

वहिनींना नमस्कार. चुकले असेन तर कान धरा, पण सही करा.

आपली धाकटी
सगुणा


राहू
१० फेब्रुवारी २०२४

चि. सगुणास अनेक आशीर्वाद.

वि. वि. ऑपरेशन झालं, डोळा उत्तम. तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर धुसफुसत होतो. मग हर्षदाची शिफ्ट सुटायच्या वेळी कुरकुंभला गेलो आणि गेटवरच सही केली. तिनं चहा पाजला, मी निमूट प्यालो.

दौंडला दवाखान्याच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, पेशंटचं कोण आहे? सवयीनं रुद्र पुढं झाला आणि हर्षदा मागंच थांबली. मी त्याला बाजूला केलं, तिला हाताला धरून पुढं आणलं आणि बाईंना सांगितलं, “ही माझी लेक हाय. मी हिचा डिपेंडंट.”

बाईंनी नुसतं लिहून घेतलं. आपली पोरगी मात्र सगळ्या रांगेसमोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वाक्य बरोबर होतं ना, तेवढं कळव.

तुझा
मल्हारीदादा