कपाटातला आवाज

प्रिय छोट्या,

फोन सोडून मेलवर एवढं लांबलचक पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर तू नुसतं "हं, हं" करून मोकळा होतोस, म्हणून हा खटाटोप. काल बाबांचं कपाट आवरायला घेतलं. शिट्ट्या, पायमोजे, आणि पार मागे टॉवेलात गुंडाळलेला तुझा बोलका डबा. तोंड वाकडं करू नकोस, पुढे वाच.

घशाच्या ऑपरेशनआधी तू त्यांना समोर बसवून या डब्यासाठी एकेक वाक्य रेकॉर्ड करून घेतलंस, आठवतं? बाबा पडले पी.टी.चे सर. "पाणी दे" म्हणायचं तेही आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं! तू कानावर हात ठेवून "जरा हळू, बाबा" म्हणायचास. मग त्यांचा आवाज गेला, तू नोकरीवर परतलास आणि डबा कुरिअरने आला. आम्ही हौसेनं बटण दाबलं, तर आतून कुणीतरी सपाट, बायकी सुरात "पा-णी-दे" म्हणालं. बाबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तेवढ्यात तुझाच फोन, आवाज कसा वाटतो म्हणून. आई पटकन म्हणाली, "अगदी हुबेहूब!" पोरानं एवढी मेहनत घेतली, त्याचं मन कशाला मोडायचं, एवढाच तिचा विचार. मला वाटलं, तुला रेकॉर्डिंग जमलं नसेल. शिवाय तुझ्या कामात नाक खुपसलं की तू फिस्कारतोस, म्हणून मीही गप्प. बाबांनी मात्र पाटीवर लिहिलं, "त्याला मी असा ऐकू येतो?" आणि डबा कपाटात गेला.

पुढचं तुला माहीतच आहे. सुट्टीत आलास, कपाट उघडलंस आणि तुझं डोकं फिरलं. आपल्या कामाची या घरात किंमत नाही म्हणालास. त्यांना बोलता येत नव्हतं आणि तू बोलायला तयार नव्हतास. दोघेही एकाच मातीचे, हट्टी कुठले. बाबा गेले तेव्हा आलास खरा, पण पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून परत गेलास. अजूनही तुला वाटतं ना, की त्यांनी तुझा डबा झिडकारला?

काल मी तो लॅपटॉपला जोडला आणि तुझा प्रोग्रॅम वाचला. अरे, सगळी रेकॉर्डिंग आत जशीच्या तशी आहेत! तू प्रोग्रॅम लिहिलास त्या भाषेत यंत्राच्या आवाजात बोलणारं 'स्पीक' हे फंक्शन, म्हणजे तयार हुकूमच, आयतंच मिळतं. तू 'बाबा' नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे त्यांचं एक वेगळं घरच, केलंस आणि त्यात त्याच नावाचं आपलं फंक्शन लिहिलंस, त्यांच्या आवाजाचं. तू तिकडे तपासलंस ते बाहेरून, थेट 'बाबा'चं 'स्पीक' म्हणून, तेव्हा ते नीट चाललं असणार. पण बटणाचं फंक्शन ऑब्जेक्टच्या आतलं, आणि तिथे तू नुसतंच 'स्पीक' लिहिलंस. तुला वाटलं, घरातल्या घरात हाक मारली की घरचाच माणूस ओ देईल. तसं होत नाही रे. नुसतं नाव घेतलं की ती भाषा ऑब्जेक्टमध्ये डोकावतच नाही, बाहेरचं तयार फंक्शन उचलते. आपलं हवं तर आधी 'सेल्फ' लावायचं, म्हणजे 'याच घरातलं'. दरवर्षी मी हेच वर्गात घसा फोडून शिकवते, आणि डबा माझ्या डोळ्यांदेखत कपाटात पडून होता. कुणी एकानं तुला खरं सांगितलं असतं, तर तू चुटकीसरशी दुरुस्त केलं असतंस. या विचारानं जीव नुसता जळतो.

मी तो 'सेल्फ' घातला आणि हाताला येईल ते बटण दाबलं. "अगं, ऐकलंस का?" असा खणखणीत आवाज घरभर घुमला आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आले हो!" हात पुसत ती दारापर्यंत आली, मला पाहिलं, मग डबा पाहिला. मी तिला सगळं समजावलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या एका हुबेहूबनं केलं हे सगळं." तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. तुला फोन करायला धजत नाही, म्हणून मी लिहितेय. हे वाचलंस की लगेच फोन कर, छोट्या. आई उचलेल. ती फोन माझ्याकडे द्यायला बघेल, तिला देऊ देऊ नकोस.

तुझीच,
ताई