परवाची किंमत

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचलो! रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यातली ही माडी पाहताक्षणी आवडली. खाली गंगुबाई सुकी मासळी विकतात, वर मी. खिडकीसमोर होड्या. पुण्यातली नोकरी भांडून सोडली, त्याचं दुःख नाही. मराठीतून संगणकाला आज्ञा देता याव्यात म्हणून आम्ही सातजण ‘बोली’ नावाची भाषा उभारतोय आणि तिच्यात काळ बसवायचं काम माझ्याकडे आलंय. आजवर तारीख म्हणजे नुसती अक्षरं. त्यांची बेरीज-वजाबाकी होत नव्हती. आता आज, उद्या, परवा यांना खरी किंमत मिळेल.
हे मी खिडकीत उभा राहून मोठ्यानं म्हटलं असावं. गंगुबाईंनी खालून विचारलं, भाषण कोणाला देतोस रे, समोर कावळापण नाय.

५ नोव्हेंबर, बुधवार
‘परवा’वरून हर्षदशी फोनवर वाद. तो आमच्या गटाचा प्रमुख. त्याचं म्हणणं, होऊन गेलेला दिवसही परवा आणि येणारा दिवसही परवा. यंत्र गोंधळेल, दोन वेगळे शब्द कर. मी ठणकावलं: पिढ्यान्‌पिढ्या माणसं हा एकच शब्द वापरताहेत, म्हणून कुणी चुकीच्या दिवशी लग्नाला गेलं नाही. यंत्राच्या सोयीसाठी आपली जीभ का कापायची? तो म्हणाला, नेते, सभा संपली असेल तर फोन ठेवू का?
परवाची मी एकच किंमत ठेवली: आजपासून दोन दिवस दूर. मागे की पुढे, ते क्रियापदावरून ठरेल; तो भाग नंतर लिहीन. चाचणीसाठी खरीच नोंद केली: ‘अक्षया, परवा.’
अक्षया माझी धाकटी बहीण, लांज्याला असते. आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कुणी नाही. वडिलांच्या तेराव्याला मी तिला चारचौघांत नको ते बोललो. तीन वर्षं अबोला. आज तिचाच फोन आला, परवा येते म्हणाली. माफी मागायची आहे. भाषण नाही, दोनच वाक्यं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभर स्टँडवर होतो. लांज्याहून आलेली एकूणएक गाडी पाहिली. आली नाही. फोन केला तर हसली. म्हणाली, दादा, परवा येते असं सांगितलं होतं ना?

९ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा स्टँड. पुन्हा नाही. परतल्यावर गंगुबाई म्हणाल्या, बहीण गुणाची हो तुझी, परवाच येऊन गेली. बांगडे खाल्लेन. जाताना रडली, तू तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस म्हणून.
परवा मी स्टँडवर होतो.
खुर्चीवर तिची ओढणी आहे.

११ नोव्हेंबर
लांज्याला गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, परवाच गेली रत्नागिरीला.
नोंद पुसली. पुन्हा दिसते. हर्षदला म्हटलं, ‘बोली’तला माझा परवाचा बदल मागे घे. म्हणाला, परवाच घेतला की. मग म्हणाला, परवा घेतो. दोन्ही एकाच आवाजात —
तिच्या परवाचा उद्या होत नाही. आज होत नाही. मी एक दिवस चाललो की तीही एक —

१३
गंगुबाई म्हणाल्या, परवा पुन्हा येऊन गेली. रडली नाही. तुझ्याकडे बघितलंनसुद्धा नाही.
एकच मार्ग. नोंदीत माझं नाव घालतो. ‘अक्षया आणि मी, परवा.’

परवा
खोली तीच. ऊन आहे. खाली टोपल्या, माणूस नाही. होड्या उभ्या. समुद्राला आवाज —
हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. ती दोन वाक्यंही म्हणून टाकली.
ताटात बांगड्याचा काटा. म्हणजे ती इथे — की अजून यायची —
दिशा मी लिहिलीच नव्हती. ती मागच्या परवात आणि मी पुढच्या, तर मध्ये चार दिवस, आणि ते कधीच —
अक्षया, मी कुठल्या